जुन्या ट्रकचे इंजिन बदलताना : धुराच्या वाटेचे प्रश्न

जुन्या ट्रकमध्ये दुसरे इंजिन बसवू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांत माउंटिंग, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचा बारकाईने विचार केलेला असतो. सायलेन्सरची लाइन आणि धूर आटोक्यात ठेवणारे भाग मात्र बहुतेकांनी शेवटच्या दिवसासाठी ठेवून दिलेले दिसतात. त्या शेवटच्या दिवशी अडलेल्या किंवा अडण्याच्या बेतात असलेल्या काही वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल पिकअप ट्रकचे कार्बोरेटरवर चालणारे इंजिन थकले आहे. त्याच्या जागी अपघातग्रस्त गाडीतले इंजेक्शनचे आठ सिलिंडरी इंजिन मिळते आहे. विक्रेता फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स देतो आणि कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा सायलेन्सरच्या लाइनमधला डबा) वगैरे ‘नंतर कुठूनही जमेल’ म्हणतो. माझ्या ट्रकला मुळात कन्व्हर्टर नव्हताच. मग तो लावणे खरोखर गरजेचे आहे का?

उत्तर : गरजेचे आहे. कार्बोरेटरच्या इंजिनाला आपल्या धुराचे पुढे काय होते याची खबर नसते. इंजेक्शनचे इंजिन मात्र स्वतःच्याच धुराचा अंदाज घेत चालते. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागाच्या, पुढच्या पाइपातील ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत हेलकावत असतो, आणि ०.४५ व्होल्टच्या वर-खाली होणाऱ्या या हेलकाव्यांवरून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास धरून ठेवतो. कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले पेट्रोल जाळणे आणि त्याच वेळी नायट्रोजनची ऑक्साइडे फोडणे ही दोन्ही कामे तो याच प्रमाणाच्या अरुंद पट्ट्यात करू शकतो. त्यामुळे इंजिन, सेन्सर, कन्व्हर्टर आणि ईसीयू हा एकच संच समजावा. यातला एक भाग मागे राहिला, की उरलेल्यांना खोटी माहिती मिळत राहते.

म्हणून सौदा करताना दोन्ही मॅनिफोल्ड, कन्व्हर्टरसह पुढचा पाइप, कन्व्हर्टरच्या आधीचे आणि नंतरचे सगळे सेन्सर, ईजीआर वाल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) असल्यास त्याच्या नळीसह, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारी कोळशाची डबी, ती वाफ इंजिनात सोडणारा तिचा पर्ज वाल्व्ह, ईसीयू आणि न कापलेले वायरिंग हे सर्व मागा. पाइप कापायचाच असेल तर तो शेवटच्या सेन्सरच्या मागे कापायला सांगा. मूळ गाडी अजून भंगारात उभी असेल तर टेप घेऊन जा आणि मॅनिफोल्डच्या तोंडापासून कन्व्हर्टरपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो. तो फार मागे बसवला तर थंड इंजिनाचा सगळ्यांत घाणेरडा धूर तसाच बाहेर जातो, आणि फार पुढे आणला तर तापमान १००० अंशांकडे सरकून धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात व त्यांचा उपयोग संपतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक स्टिकर असतो. त्यावर इंजिनाचे वर्ष, त्याला लावलेली उपकरणे आणि बहुधा व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशाही छापलेला असतो. त्याचा स्पष्ट फोटो काढा. पुढे तपासणीच्या वेळी आणि त्याआधी स्वतःच्या गोंधळाच्या वेळी तोच कामाला येतो.

‘मुळात नव्हताच’ हा युक्तिवाद ट्रकपुरता खरा आहे, इंजिनापुरता नाही. इंजिनबदलाला मुभा देणारे नियम साधारणतः दोन गोष्टी पाहतात : इंजिन ट्रकच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे आहे ना, आणि त्या इंजिनासोबत कारखान्यातून आलेली उपकरणे जागेवर आहेत ना. नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून पैसे देण्याआधी नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. आणखी एक गोष्ट : इंजिन तेल खात असेल तर चांगला कन्व्हर्टरही त्याला बांधू नका. तेलातले फॉस्फरस आणि जस्त जाळीवर साचून तिला निकामी करतात. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळत असेल तरी तेच होते. कॉम्प्रेशन आधी मोजा, कन्व्हर्टर नंतर घ्या.

प्रश्न : मॅनिफोल्ड सोडवताना त्याला धरणारे दोन स्टड (आटे असलेले दांडे) तुटले आणि तिसऱ्याचा नट पाना लावताच गोल झाला. हेड ॲल्युमिनियमचे आहे. ड्रिल मारावे का?

उत्तर : ड्रिल सर्वांत शेवटी हातात घ्यायचे. शेकडो वेळा लाल तापून थंड झालेला स्टड आट्यांशी गंजाने जखडलेला असतो, आणि त्या अवस्थेत लांब पान्याला जोर लावला की स्टड पिळवटून तुटतो. उरलेल्या स्टडना तीन-चार दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल पाजा. नंतर सहा कोनी सॉकेट घट्ट बसवून आधी किंचित आवळा, मग किंचित सोडा. आवळण्याच्या दिशेने मिळालेला तो केसभर हलका झटका बरेचदा गंजाची पकड मोडतो. एकदा हलला, की अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे करत बाहेर काढा. तरी हलत नसेल तर गॅस टॉर्चने फक्त नट तापवा आणि तो थोडा निवला की मेणबत्तीचे टोक आट्यांच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. मात्र त्याआधी आजूबाजूचे तेल पूर्ण पुसा आणि पेट्रोलची लाइन दूर करा.

जो स्टड थोडा बाहेर राहून तुटला आहे, त्यावर आधी एक वॉशर, त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग भरावे. इथे ॲल्युमिनियमचे हेड तुमच्या बाजूने आहे, कारण पोलादाचा वेल्ड त्याला चिकटत नाही. वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या गाभ्यात शिरते आणि गंज फुटतो; लाली गेल्यावर, पण नट अजून गरम असतानाच, पाना लावून हळूहळू फिरवावे. पहिल्या खेपेला वेल्ड सुटला तर पुन्हा नट लावा. तीन-चार खेपा लागणे अजिबात विशेष नाही.

पृष्ठभागाच्या आत तुटलेल्या स्टडला मात्र ड्रिलशिवाय इलाज नसतो. मधोमध ठोका मारून उलट्या फेऱ्याचे ड्रिल लावा; पुष्कळदा भोक पडता पडताच स्टड त्याच दिशेने फिरून बाहेर येतो. त्या भोकात ठोकून बसवायचा एक्स्ट्रॅक्टर माझ्या मते शक्यतो वापरूच नये. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर त्यावर साधे ड्रिल चालत नाही, आणि मग हेड उतरवून कारखान्यात नेण्याची पाळी येते. आटे गेलेच, तर तारेच्या कॉइलचे नवे आटे बसवता येतात. काही इंजिनांत ही भोके थेट पाण्याच्या वाटेत उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लावल्याशिवाय नवा स्टड बसवू नये.

मॅनिफोल्ड उतरलेलाच आहे, तेव्हा त्याच्या तोंडांवर सरळ धारेची पट्टी ठेवून खालून प्रकाश टाका. फट दिसली तर तो वाकलेला आहे आणि नवे गॅस्केट फार दिवस टिकणार नाही. तोंडे मशीनवर सपाट करून घ्या. बसवताना गॅस्केट कोरडेच ठेवा, नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत जा, आणि इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर पुस्तिकेत सांगितले असेल तसे पुन्हा तपासा.

प्रश्न : इंजिन बसले, चालूही झाले, पण चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे दाखवतो. स्पार्क प्लग मात्र काळे पडतात. पाइप लांबल्याने सेन्सरच्या वायरी मी सोल्डर करून वाढवल्या आहेत. सेन्सर दोनदा बदलूनही फरक नाही.

उत्तर : स्कॅनर पेट्रोल कमी म्हणतो आणि प्लग जास्त म्हणतात, अशा वेळी मी प्लगवर विश्वास ठेवतो. सेन्सरच्या आधीच्या एखाद्या सांध्यातून हवा आत शिरत असावी. धूर पाइपातून अखंड वाहत नसतो, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि बारीक फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला भाजते. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येऊन तो पाच मिनिटांत विरत असेल, तर निदान जवळजवळ पक्के झाले. लोखंड तापून फुगले की फट मिटते.

शोधण्याची साधी रीत सांगतो. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लावून तिचे तोंड सायलेन्सरच्या शेवटाला जुन्या कापडाने घट्ट बसवा. मग साबणाचे पाणी घेऊन हेडपासून सेन्सरपर्यंतच्या प्रत्येक सांध्यावर, वेल्डवर आणि सेन्सरच्या आट्यांवर ब्रशने लावत जा. गळती असेल तिथे फेस उठतो. अनेकदा तो हाताने केलेल्या वेल्डच्या शेवटच्या टोकाला, टाचणीएवढ्या भोकावर उठतो, आणि ते भोक डोळ्यांना कधीच दिसलेले नसते.

आता वायरींविषयी. बऱ्याच साध्या ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती वायरीच्या तारांमधल्या सूक्ष्म जागेतूनच आत जाते. सोल्डरने ती वाट बुजते. सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला हात न लावता तिच्या जोडणीच्या प्लगच्या अलीकडे, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या बाजूला, लांबी वाढवावी आणि जोड दाबून बसवायच्या कनेक्टरने करावा. सेन्सर पाइपाच्या वरच्या भागात, घड्याळाच्या १० ते २ या आकड्यांच्या दरम्यान हवा. खालून लावला तर थंड पाइपात साचलेले पाणी त्यात उतरते आणि आतली सिरॅमिक नळी तडकते. नव्या सेन्सरच्या आट्यांना पेस्ट लावूनच येते, वेगळे काही टोकाला लागू देऊ नका. व्हॅल्व्ह कव्हर किंवा ऑइल पॅन बसवताना कोणते सिलिकॉन वापरले तेही आठवून पाहा. सेन्सरला सुरक्षित नसलेल्या सिलिकॉनची वाफ सेन्सरला विषासारखी असते, आणि दोनदा सेन्सर बदलूनही फरक न पडण्याचे ते एक कारण असू शकते.

गळती मिटल्यावरही ट्रक चढावर दमत असेल तर कन्व्हर्टर तुंबला आहे का ते पाहा. पुढचा सेन्सर काढून त्या जागी दाब मोजणारा गेज लावा. इंजिनाचे फेरे २५०० वर ठेवले असता दाब साधारण २० किलोपास्कलच्या, म्हणजे ३ पीएसआयच्या वर गेला, तर पुढे कुठेतरी अडथळा आहे.

प्रश्न : मी कार्बोरेटरचे त्याच जातीचे, जरा नंतरच्या वर्षाचे इंजिन बसवतो आहे. त्यावर ईजीआर, हवेचा पंप आणि नळ्यांचे जंगल आहे. मित्र म्हणतात, सगळे काढून बूच मारून टाक, इंजिन हलके होईल. खरे आहे का?

उत्तर : हलके होईल, चांगले होईलच असे नाही. ईजीआर वाल्व्ह बेताच्या वेगाने जाताना थोडा धूर परत इंजिनात सोडतो. त्याने जळणाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी बनतात. इंजिन बनवणाऱ्यांनी स्पार्कची वेळ हे गृहीत धरूनच ठरवलेली असते. वाल्व्हला बूच मारले की तीच वेळ जास्त आगाऊ ठरते, समतल रस्त्यावर हलक्या पेडलवर टकटक सुरू होते, आणि मग माणूस पेट्रोलला दोष देतो. ईजीआरची बदनामी होण्याचे खरे कारण बहुधा चुकीची नळी असते. त्याला थ्रॉटलच्या वरच्या छिद्राचा व्हॅक्यूम हवा, जो आयडलला शून्य असतो. थेट मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम दिला तर वाल्व्ह आयडललाच उघडतो आणि इंजिन थरथरून बंद पडते. वाल्व्ह जिवंत आहे का हे पाहण्यासाठी आयडलला असताना हातपंपाने त्याला व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळले तर वाल्व्हही ठीक आणि वाटही मोकळी; काहीच झाले नाही तर काजळी खरवडावी लागेल. ज्या वाल्व्हना उघडण्यासाठी धुराचा दाबही लागतो त्यांच्यावर मात्र ही कसोटी चालत नाही.

पीसीव्ही वाल्व्ह काढण्याचा विचारही करू नका. पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला वायू तो इनटेकमध्ये ओढून घेतो. तो बंद झाला की तोच वायू सीलमधून तेल बाहेर ढकलतो. आयडलला वाल्व्ह कव्हरमधून उपसून तोंडावर बोट ठेवले की ओढ जाणवली पाहिजे, आणि हातात हलवल्यावर खुळखुळ वाजला पाहिजे. हवेच्या पंपाच्या बाबतीत त्याच्या एकमार्गी वाल्व्हकडे आधी बघा : पंपाकडची रबरी नळी करपलेली असेल तर वाल्व्ह मेला आहे आणि गरम धूर उलटा येतो आहे.

राहिली कोळशाची डबी. हिच्या बाबतीतला माझा एक मूर्खपणा सांगण्यासारखा आहे. एका ट्रकला मी नंतरच्या वर्षाची, हवाबंद झाकणाची टाकी बसवली आणि डबीसाठी जागा नाही म्हणून तिच्याकडे जाणाऱ्या नळीला बोल्ट खुपसून क्लॅम्प मारला. ट्रक तासभर उत्तम चालला आणि मग श्वास कोंडल्यासारखा थांबला. झाकण फिरवताच फुस्स असा लांब आवाज होऊन हवा आत शिरली, आणि टाकीचा तळ पाहिला तर तो आत चेपलेला होता. पंपाने पेट्रोल ओढले, पण त्याच्या जागी हवा यायला वाटच ठेवली नव्हती. तेव्हा हवाबंद झाकण असेल तर डबी आणि तिची नळी हवीच. जुनी टाकी ठेवून डबी जोडायची असेल तर छिद्राचे जुने झाकणही बदलावे लागते, नाहीतर वाफ डबीकडे न जाता झाकणातून निघून जाते. नळी पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेलीच घ्या. आणि जंगलाची भीती वाटत असेल तर एकही नळी उपसण्याआधी प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून तोच एक आकडा लिहा. अर्धा तास जातो, पण नंतरचे दोन दिवस वाचतात.

प्रश्न : नवा पाइप कुठून न्यावा आणि तो ट्रकवरच वेल्ड करावा का?

उत्तर : ट्रकवर फक्त टाके मारावेत, पूर्ण वेल्ड खाली उतरवून करावा. टाके मारताना ट्रक स्वतःच्या चाकांवर उभा असू द्या. चासी जॅकवर लटकलेली असताना बसवलेला पाइप ॲक्सल वर आला की त्याला लागतो. इंजिन जोर लावताना माउंटिंगवर झुकते, म्हणून पुढच्या पाइपात लवचीक जोड आणि मागे रबरी हँगर हवेत, नाहीतर तडा मॅनिफोल्डला जातो. ब्रेकची नळी, क्लचची नळी, स्टिअरिंगचा दांडा, स्टार्टर आणि वायरिंग यांच्यापासून किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि तेवढीही नसेल तिथे पत्र्याचा आडोसा लावा. गरम झाल्यावर स्टार्टर फिरत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बदललेल्या इंजिनांत बरेचदा पाइपच त्याला भाजत असतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि ईसीयूचा प्लग सोडा, अर्थचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वापरू नका. वेल्ड करताना त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो. पाइपाचे शेवटचे तोंड केबिनच्या मागे निघाले पाहिजे. ते केबिनखाली संपवलेले ट्रक मी पाहिले आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : जुन्या डिझेल ट्रकमध्ये नवे कॉमन रेल (संगणकावर चालणाऱ्या इंजेक्शनचे) इंजिन बसवायचे असेल तर काजळीचा फिल्टर सोडून देता येईल का?

उत्तर : नाही. अशा इंजिनाचा ईसीयू फिल्टरच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजतो आणि साचलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेतो. फिल्टर, दाबाचा सेन्सर, तापमानाचे सेन्सर आणि युरियाची टाकी असल्यास तीही, असे सर्व मूळ गाडीतून एकत्र आणा. ते ठेवायला चासीखाली जागा आहे का हे आधी पाहा. बऱ्याच जुन्या ट्रकमध्ये ती नसते, आणि मग दुसरे इंजिन निवडणे शहाणपणाचे.

प्रश्न : जुन्या पाइपावर पांढऱ्या दोरीसारखे काहीतरी गुंडाळलेले आहे. ते घासून काढावे का? आणि जुन्या कन्व्हर्टरचे काय करावे?

उत्तर : घासू नका, तारेचा ब्रश लावू नका आणि हवेने तर मुळीच फुंकू नका. त्या काळातल्या अशा गुंडाळीत आणि काही गॅस्केटमध्येही ॲस्बेस्टॉस असे, आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतून तपासून होईपर्यंत ते ॲस्बेस्टॉसच समजा. पाइप गुंडाळीसकट उतरवता येत असेल तर तसाच उतरवा. त्याआधी फवाऱ्याने गुंडाळी चांगली भिजवा, बारीक तंतू अडवणारा योग्य मास्क घाला, आणि उतरवलेला पाइप जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. अंगावरचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

जुना कन्व्हर्टर कापून उघडू नका. त्याच्या जाळीभोवती सिरॅमिक तंतूंची गादी असते आणि तिची धूळही फुप्फुसाला वाईट. हातात धरून हलवल्यावर आत खडखड झाली तर जाळी फुटली आहे आणि तो पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. आतल्या धातूंमुळे भंगारातही त्याला चांगली मागणी असते; विकताना पावती घ्या आणि त्याच्यावर कोरलेला क्रमांक तिच्यावर लिहून घ्या, कारण चोरीच्या कन्व्हर्टरांचा धंदा मोठा आहे आणि तुमचा तुमचाच होता हे उद्या दाखवावे लागू शकते.